पिवळा बांबू : कोंब राखा, जुनी काठी काढा

प्रश्न (कराड) : कुंपणालगत पिवळा बांबू लावून चार वर्षे झाली. सध्या पाने पिवळी पडून गळतात. बेट दाट झाले, पण काठ्या बारीकच आहेत. उरलेल्या काठ्या जाड व्हाव्यात म्हणून पावसाळ्यात येणारे कोंब आम्ही मोडतो. युरिया द्यावा का?

उत्तर : ताई, पानगळीला घाबरू नका. फाल्गुन-चैत्रात बांबू जुनी पाने टाकतो. फांद्यांच्या टोकाला पोपटी सुरळ्या दिसत असतील तर बेट ठणठणीत आहे. गळलेली पाने जाळू नका, बुडातच पसरा. त्यातली सिलिका परत बांबूलाच मिळते.

खरे नुकसान कोंब मोडल्याने होते आहे. बांबूची काठी आंब्याच्या खोडासारखी वर्षागणिक जाड होत नाही. कोंब ज्या जाडीचा वर येतो, तीच जाडी शेवटपर्यंत राहते. उंचीसुद्धा काही महिन्यांतच पुरी होते. पुढचे कोंब जाड यायचे तर कंदात साठा हवा, आणि तो साठा तरण्या काठ्यांची पाने करतात. तुम्ही दरवर्षी तरण्या काढल्या आणि म्हाताऱ्या राखल्या. यंदा एकही कोंब मोडू नका, अगदी वाकडा आला तरी.

काढायच्या त्या तीन वर्षांवरच्या काठ्या. त्यांचा पिवळा रंग विटलेला असतो, अंगावर राखाडी डाग असतात. नव्या काठीवर चकाकी असते, बुडाला सालपट चिकटलेले असते. त्या सालपटावरची तपकिरी कुसे अंगाला खाजतात, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. एका वेळी तिसरा हिस्साच काढा. काप जमिनीलगत, पेराच्या अगदी वर घ्या. पेरापासून उंच कापले तर नळीत पाणी साचून डास होतात. हे काम पावसाच्या आत उरका, कोंब फुटू लागले की विळा-करवत बेटात नको.

नुसता युरिया नको. मृगाच्या आधी बेटाला दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड द्या, वर मातीची भर लावा. नवे कंद वरवर सरकतात, भर नसली की उघडे पडतात.

हा बांबू जमिनीखालून दूरवर पळत नाही, पण बेटाचा घेर वाढून कुंपणाला रेटतो. त्या बाजूच्या जुन्या काठ्या कंदासकट खणून काढा. नव्याने लावणाऱ्यांनी भिंतीपासून सहा-सात फूट सोडावेत.

तोडायला परवानगी लागते का, हेही बरेच जण विचारतात. 2017 साली वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. परसातल्या बेटासाठी वन खात्याकडे जायची गरज नाही.

प्रश्न (मिरज) : काळ्या रानात लावलेल्या बांबूच्या पानांची टोके करपतात.

उत्तर : दादा, बोअरचे पाणी खारट आहे का ते आधी तपासून घ्या. पाणी साचत असेल तर फूटभर उंच गादीवाफा करून रोप त्यावर हलवा आणि चर काढून पाणी बाहेर काढा. उन्हाळ्यात शक्य असेल तर नळाचे पाणी द्या, आळे कोरडे पडू देऊ नका. करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी पाने कशी येतात त्यावर लक्ष ठेवा.