पेशंट डॉक्टरांसमोर 'हो हो' म्हणतात आणि घरी गोळ्या घेत नाहीत. असं का होतं?

बहुतेक वेळा तो होकार आदरापोटी किंवा संकोचापोटी आलेला असतो. बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टर घाईत असतात, आणि 'कळलं नाही' म्हणायची लाज वाटते. 'गोळ्या नियमित घेता ना?' या प्रश्नातच अपेक्षित उत्तर दडलेलं आहे, मग माणूस तेच देतो.

माझ्या आईला मधुमेह आहे. संकष्टीला ती सकाळची गोळी गाळायची, कारण एकदा उपाशीपोटी घेतल्यावर घाम फुटून हातपाय थरथरले होते. यात आडमुठेपणा कसला? तिच्या अनुभवातून आलेला तो विचार होता. पण ते कळलं कधी, तर एका नर्सताईंनी 'उपासाच्या दिवशी गोळ्यांचं कसं करता?' असं विचारलं तेव्हा. मग डॉक्टरांनी त्या दिवसांसाठी डोस बदलून दिला. (स्वतःच्या मनाने मात्र असा बदल करू नका, प्रत्येक गोळीचं गणित वेगळं असतं.)

१९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत मध्येच थांबवत होते. खरी अडचण बऱ्याचदा त्यानंतर बाहेर येते, म्हणून आधी पूर्ण ऐकून घ्या. शेवटी 'समजलं का?' असं न विचारता 'मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, घरी सूनबाईंना कसं सांगाल?' असं विचारा. चूक झालीच तर ती सांगणाऱ्याच्या पदरात पडते, आणि पेशंट मोकळेपणाने बोलतो.