जर्नल विसर, वही ठेव

अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून लॅबमध्ये रुजू होते आहेस. पिपेट धरायला सिनियर शिकवतील. वही कशी ठेवायची ते बहुधा कुणी सांगणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी कॉलेजच्या जर्नलची सवय सोड. चिठोऱ्यावर रीडिंग घ्यायचं, घरी बसून फेअर करायचं, आकडा जुळला नाही तर मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये बघून जुळवायचा. सर्टिफिकेटवर सही झाली की विषय संपला! इथे रफ-फेअर असं काही नाही. मोजलंस की लगेच, तारखेसह, थेट वहीत. डाग पडले तर पडू देत. वही शिवलेली, पानांवर आकडे छापलेली घे. पेन कुठलंही चालेल, पण शेवटच्या पानावर चार अक्षरं लिहून त्यांवर पाणी आणि इथेनॉल टाकून बघ. पसरली तर पेन बदल.

आता काय लिहायचं ते. "ट्रिस बफर केला, पीएच 8.0" एवढं पुरत नाही. बफर म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर राखणारं द्रावण, पण ट्रिस या रसायनाच्या बफरचा पीएच तापमानाबरोबर हलतो: 25 अंशांना 8.0 केलेला बफर कोल्ड रूममध्ये 4 अंशांना 8.6 च्या आसपास जातो. महिन्याभराने एन्झाइम रुसलं की हाच आकडा शोधत बसशील. म्हणून असं लिही: "ट्रिस 6.06 ग्रॅम, बाटलीचा लॉट नंबर अमुक, पाणी 800 मिली, एचसीएलने पीएच 8.0, त्या वेळी तापमान 25 अंश, मग एकूण 1 लिटर." "नेहमीप्रमाणे" हा शब्द वहीत नको. सहा महिन्यांनी नेहमीचं काय होतं हे तुलाही आठवणार नाही.

चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण आणि सही. व्हाइटनर लॅबमध्ये आणूच नकोस. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञाने 1913 च्या शोधनिबंधात तेलाच्या 58 थेंबांची मोजमापं दिली आणि सलग 60 दिवसांत पाहिलेले हे सगळेच थेंब आहेत, असं म्हटलं. त्याच्या वह्यांत मात्र कितीतरी जास्त थेंब आहेत, काहींशेजारी शेरेही. निबंधात गाळलेलं त्याने वहीत ठेवलं, म्हणून तर आज त्यावर वाद घालता येतो. तो लबाड होता असं मला वाटत नाही, पण ते वाक्य त्याने लिहायला नको होतं.

जेलच्या (डीएनए किंवा प्रथिनं ज्यात वेगळी करतात त्या थराच्या) फोटोची थर्मल प्रिंट काही वर्षांत पुसट होते, तेव्हा चिकटवलेल्या प्रिंटखाली कॉम्प्युटरवरच्या फाइलचं नाव लिही. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोड आणि ती दर शुक्रवारी भर. हे कंटाळवाणं आहे, इलाज नाही.

आणि हो, वही लॅबची, तुझी नव्हे. घरी नेऊ नकोस. पानांचे फोटो मलाही पाठवायचे तर आधी गाइडना विचार.

कळावे.