इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ७५०० फेरे) फिरणार असेल, तर क्रँकची पुली लहान करावी की ऑल्टरनेटरची मोठी?

इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, पट्टा फिरवणारी क्रँकची पुली आहे तशीच राहू द्या आणि वीज निर्माण करणाऱ्या ऑल्टरनेटरची मोठी करा. नवा कॅमशाफ्ट बसवल्यापासून इंजिन ७५०० पर्यंत जाते, क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि ऑल्टरनेटरची ५६ मिलिमीटर आहे, असे आपण लिहिले आहे. म्हणजे दोन्ही व्यासांचे गुणोत्तर २.६८ झाले आणि रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाला, ऑल्टरनेटर वीस हजारांच्या पुढे फिरणार. बहुतेक ऑल्टरनेटरांची मर्यादा १८,००० च्या आसपास असते. ६३ मिलिमीटरची पुली लावल्यास गुणोत्तर २.३८ होते; रेडलाइनला सुमारे १७,८५० आणि ८५० च्या आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) सुमारे २,०२० आरपीएम मिळतात, आणि मोठ्या पुलीवर पट्ट्याची पकडही वाढते. पट्टा मात्र थोडा लांब घ्यावा लागेल.

लहान क्रँक पुलीचा सल्ला आपल्याला ज्यांनी दिला, त्यांच्यासारख्याच एका वर्कशॉपने माझ्या मित्राच्या गाडीला मूळ पुलीपेक्षा एक पंचमांशाने लहान, भरीव ॲल्युमिनियमची पुली बसवली होती. क्रँकची पुली लहान झाली की पट्ट्यावरची सगळी उपकरणे हळू फिरतात; वॉटर पंप खेचत असलेली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग एक पंचमांशाने घटला की ती जवळजवळ निम्म्यावर येते, हे वर्कशॉपच्या मालकांचे म्हणणे खरेच होते. परंतु वरच्या आरपीएमला जे वाचते, ते खाली गाडी उभी असताना फेडावे लागते. रात्री वाहतुकीत अडकल्यावर हेडलाइट मंदावत, स्टीअरिंग जड होई आणि एसी लावला की तापमानाचा काटा चढू लागे. वर्कशॉपने ऑल्टरनेटर बदलला, बॅटरी बदलली, थर्मोस्टॅटही बदलला. मी हेडलाइट, ब्लोअर आणि एसी चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांना मल्टीमीटर लावला, तेव्हा आयडलिंगला १२.२ व्होल्ट दिसले. इंजिन १८०० वर नेताच आकडा १४.१ वर गेला. ऑल्टरनेटर निर्दोष होता, त्याला फेरेच पुरेसे मिळत नव्हते. मी हे मांडले, तेव्हा आकडेमोडीवर गाड्या चालत नाहीत, असे उत्तर मिळाले. मूळ पुली परत बसवल्यावर त्याच भाराला आयडलिंगला १३.८ व्होल्ट मिळाले आणि काट्याचे चढणेही थांबले. गुणोत्तर ही आकडेमोडच आहे. जो ती करण्याचे टाळतो, त्याने पुली विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या वादात एक मुद्दा मात्र कुणी ऐकूनच घेतला नाही. अनेक इंजिनांच्या मूळ क्रँक पुलीत आतला हब आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो, कारण ती पुली क्रँकशाफ्टची पिळाची कंपने शोषणारा डँपरही असते. प्रत्येक सिलिंडर पेटताना क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि परततो. इंजिन जितके वर फिरवाल, तितकी ही कंपने वेगाच्या नव्या, अनोळखी टप्प्यात जाण्याची शक्यता वाढते. भरीव पुली ती शोषत नाही, आणि त्याची किंमत क्रँकशाफ्टला किंवा त्यावर बसलेल्या ऑइल पंपाच्या गिअरला मोजावी लागू शकते. रेडलाइन वाढवताना डँपर काढून टाकणे याला मी सुधारणा म्हणणार नाही.

वॉटर पंपाबद्दल आपण विचारले आहे, तर त्याच्या पुलीला आधी हात लावू नका. वरच्या वेगात पंपात बुडबुडे होऊन प्रवाह खरोखर तुटत असेल, तरच तीही थोडी मोठी करा.

हे सर्व रिबवाल्या पट्ट्यासाठी आहे; व्ही-पट्टा असल्यास पुलीच्या बाहेरच्या कडेऐवजी पट्टा जिथे बसतो तो व्यास धरा. ऑल्टरनेटरच्या पुलीत एकदिशा क्लच (एकाच दिशेने जोर देणारी जोडणी) असल्यास नवी पुलीही त्याच प्रकारची घ्या. गाडी केवळ ट्रॅकवर चालणार असेल आणि वॉटर पंप विजेचा असेल, तर लहान क्रँक पुलीवरचा माझा आयडलिंगचा आक्षेप बराचसा गळून पडतो, पण तरीही ती डँपरसहित मिळत असेल तरच घ्या.