मधपेटीतल्या माइटवर घरगुती उपाय चालतो का, की मान्यताप्राप्त औषधच घ्यावं?

बोरिवलीच्या गच्चीवर दोन पेट्या, माश्यांवर तांबूस माइट, म्हणजे त्यांच्यावर जगणारे बारीक परजीवी, दिसतायत. ओव्याची धुरी, गंधक किंवा गुरांच्या गोचिडांचं औषध चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

माश्या कुठल्या ते लिहिलं नाहीत. सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्या, असतील तर काहीच टाकू नका. व्हरोआ, म्हणजे हा माइट, मुळात सातेरीवरचाच. सातेरीच्या कामकरी तो अंगावरून ओढून काढतात, आणि त्याची वीण जवळजवळ पोळ्यातल्या नर-अळ्यांच्या घरांपुरतीच राहते. मेलिफेरात, म्हणजे पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीत, मात्र तो कामकरी अळ्यांच्या घरांतही वाढतो. पुढचं सगळं मेलिफेरासाठी.

औषधाआधी मोजा. अळ्यांच्या फ्रेमवरच्या अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात जाऊ देऊ नका. पिठीसाखर घालून हलवा, मिनिटभर थांबा आणि पांढऱ्या ताटात साखर झाडा. 9 पेक्षा जास्त माइट पडले तर उपचार हवा. माश्या जिवंत परत सोडता येतात.

गोचिडांच्या काही औषधांत अमिट्राझ हे माइट मारणारं रसायन असतं, मधपेटीत टांगायच्या काही मान्यताप्राप्त पट्ट्यांतही तेच असतं. म्हणून लोक त्या औषधात पुठ्ठा बुडवून पेटीत टांगतात. पण पट्टी ते 6 ते 8 आठवडे थोडंथोडं सोडते. पुठ्ठ्यातून किती सुटतं कोण जाणे, शिवाय त्यातले बाकीचे घटक मधमाश्यांसाठी नाहीतच. डोस कमी पडला तर चिवट माइट तेवढे उरतात. गंधक जास्त पडला की अळ्याच मरतात.

ओव्याची गोष्ट वेगळी. त्यात थायमॉल असतं, आणि थायमॉलचं मान्यताप्राप्त जेलही मिळतं. पण प्रत्येक ओव्यात ते सारखं नसतं, आणि मुंबईच्या उकाड्यात ते भराभर उडून माश्या पेटीबाहेर लटकतात. जेलच्या लेबलवर तापमानाची मर्यादा असते, ती आधी वाचा. माइटवरचं दुसरं औषध, फॉर्मिक ॲसिड, अळ्यांच्या मेणाने बंद केलेल्या घरांतल्या माइटपर्यंत पोहोचतं खरं, पण 30 अंशांच्या आसपास ते राणीवर बेततं. आपल्याकडे जानेवारीतली दुपारही तिथे पोहोचते.

ऑक्झॅलिक ॲसिड हे तिसरं औषध बंद घरांत शिरत नाही. थंड देशांत हिवाळ्यात अळ्या नसताना ते देतात. इथे राणी वर्षभर अंडी घालते. त्यामुळे तिला सुमारे 24 दिवस पिंजऱ्यात ठेवून, सगळी घरं रिकामी झाल्यावर द्यावं लागतं. गच्चीवर गॅस पेटवून त्याची वाफ तर अजिबात करू नका. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फुफ्फुसांत जाईल.

मी तुमच्या जागी असतो तर मधाचे वरचे कप्पे काढून मधपेटीसाठीच्या पट्ट्या लावल्या असत्या. मिळवायला अडचण आली तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारा. मुदत संपताच पट्ट्या काढून पुन्हा बरणी हलवा. आकडा उतरला नसेल तर पुढच्या वेळी वेगळ्या गटातलं औषध घ्या.