सत्तर पौंड झेपतील का?

प्रश्न : ताई, वय ३४, व्यायामशाळेत रोज जातो. कंपाउंड धनुष्य घेऊन पुढच्या हंगामात हरणाच्या शिकारीला जायचा विचार आहे. दुकानात ७० पौंडांचं, सेकंदाला ३४० फूट वेगाचं धनुष्य दाखवलं. शिकार करायची तर एवढं लागतंच, असं म्हणाले. घेऊन टाकू का?

पत्रात पौंड आहेत, वेग आहे, पण तुमच्या हातांचं माप कुठेच नाही. दुकानदाराने ते घेतलं नसावं. माझंही पहिलं धनुष्य असंच आलं. माझी ओढ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, २७ इंच आणि गळ्यात मारलं २९ इंचांचं. दोन इंचांनी असा काय फरक पडतो? पूर्ण ओढलं की मी मागे कलायचे, धनुष्याचा हात कोपरात ताठ व्हायचा आणि सुटलेली दोरी दर तिसऱ्या बाणाला कोपराखाली चपराक द्यायची. हिरवानिळा हात घेऊन सहा महिने मी स्वतःच्याच नेमाला शिव्या घातल्या.

तेव्हा आधी माप. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, ताणू नका. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत किती इंच भरतात ते कोणाकडून तरी मोजून घ्या आणि त्याला २.५ ने भागा. ७० इंच भरले तर ओढ २८. हा झाला अंदाज. पक्कं माप धनुष्य ओढूनच कळतं. मान न वाकवता दोरी नाकाच्या शेंड्याला अलगद टेकली पाहिजे. नाक दोरीकडे न्यावं लागत असेल तर माप चुकलं. हे एक माप चुकलं की बाकी सगळं महागडं सामान फुकट जातं. आणि जमलं तर त्याच दिवशी कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना कोणता पुढाकार घेतो, तेही तपासून घ्या. उजव्या हाताने जेवणारा माणूस डाव्या डोळ्याचा निघतो, असं पुष्कळदा होतं.

आता पौंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. १९६६ साली अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलिस अ‍ॅलनने कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातली गंमत टोकांच्या चाकांत, म्हणजे कॅममध्ये आहे. ओढताना मध्ये भार शिगेला पोचतो आणि शेवटी एकदम सुटतो. ही सूट, म्हणजे लेट-ऑफ, ८० टक्के असेल तर ७० पौंडांचे हातात १४ उरतात, म्हणून नेम धरून निवांत थांबता येतं. पण ते १४ हातात यायच्या आधी ७० ची टेकडी चढावीच लागते. दुकानात, गरम अंगाने, चार लोक बघत असताना ती कोणीही चढतो. पहाटेपासून तीन तास थंडीत बसल्यावर, जाड कोट घालून, वीस यार्डांवर हरीण कान टवकारून उभं असताना चढून बघा.

खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य निशाणावर सरळ धरा आणि सावकाश ओढा. धनुष्य आभाळाकडे उचलून झटका द्यावा लागला तर भार जास्त आहे, व्यायामशाळेत कितीही वजन उचलत असलात तरी. ओढीचे स्नायू पाठीचे, आणि ते धनुष्य ओढूनच तयार होतात. तुम्ही ५० ते ६० मध्ये कमीजास्त करता येणारं धनुष्य घ्या आणि ५० वर सुरुवात करा. हरणासाठी कायद्याने लागणारा किमान भार बऱ्याच ठिकाणी ४० पौंडांच्या आसपास असतो. तुमच्या भागाचा आकडा, परवाना आणि हंगामाच्या तारखा मात्र आधी बघून घ्या.

राहिला वेग. ते ३४० फूट मोजतात ७० पौंड भार, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनच्या (म्हणजे जेमतेम २३ ग्रॅमच्या) हलक्या बाणावर. तुम्ही ५५ पौंडांवर, २८ इंच ओढून, शिकारीचा ४२० ग्रेनचा बाण सोडलात तर हातात २६० ते २६५ पडतील. त्याने काही बिघडत नाही. तीस यार्ड म्हणजे ९० फूट. २६० च्या वेगाने बाणाला साधारण ०.३५ सेकंद लागतात, ३०० च्या वेगाने ०.३०. दोरीचा आवाज मात्र ०.०८ सेकंदातच हरणाच्या कानात. पळायला पाय दुमडून ते खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो. म्हणजे वेगासाठी मोजलेल्या सगळ्या पैशांत सेकंदाचा विसावा भाग पदरात पडला! त्यापेक्षा धनुष्य मुकं असावं आणि आपण दहा यार्ड जवळ असावं.

दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात, ते सात इंचांच्या जवळ असेल तर नवशिक्याच्या चुका थोड्या पोटात घातल्या जातात. सहा इंचांची धनुष्यं वेगवान असतात, पण हात जरा हलला की माफ करत नाहीत.

प्रश्न : बाणावर ३४०, ४००, ५०० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे मजबूत बाण ना?

उलट. बाण २८ इंचांवर दोन टेकूंवर ठेवून मधोमध १.९४ पौंडांचं वजन टांगतात. ०.४०० इंच वाकला तर तो ४००. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. तुमचा भार, बाणाची लांबी आणि टोकाच्या पात्याचं वजन घेऊन बाण बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा, मित्राला विचारू नका. बाणाचं एकूण वजन धनुष्याच्या भाराच्या दर पौंडाला निदान पाच ग्रेन हवं. आणि कार्बनचा बाण प्रत्येक वेळी लावायच्या आधी दोन्ही हातांनी थोडा वाकवून, फिरवून, कान देऊन बघा. कडकड ऐकू आली की मोडून कचऱ्यात. तडा गेलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

प्रश्न : भाच्याने बाण न लावताच दोरी सोडली. वरून धनुष्य ठीक दिसतं. वापरू का?

नाही. बाणाने न्यायची ती सगळी ताकद धनुष्याच्या अंगात गेली. कापसाचा बोळा धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन्ही बाहूंवरून, कॅमच्या कडांवरून फिरवा. धागे अडकले तिथे चीर आहे. नाही अडकले तरी ज्याच्याकडे बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करायचं यंत्र, आहे त्याला दाखवल्याशिवाय ओढू नका. भाच्याला रागावू नका. दुसऱ्याचं धनुष्य हातात आलं की ओढून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो.

प्रश्न : आमच्याकडे धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. मग हे शिकून उपयोग काय?

ब्रिटनमध्येही बंदी आहे, पण तिथले लोक रानात धनुष्य घेऊन फिरतातच. फोमचे प्राणी, न सांगितलेली अंतरं, चढउतार, झाडांच्या फटीतून नेम : याला थ्रीडी म्हणतात. अंतर डोळ्याने जोखायला याच्याइतकं चांगलं कुठेच शिकायला मिळत नाही. बाण फोमवरच राहू द्या.

प्रश्न : वीस यार्डांवर ३० पैकी २७ बाण बशीएवढ्या जागेत बसतात. पहिल्या शिकारीला तयार आहे का?

ते तीन कुठे गेले, ते तुम्ही लिहिलं नाही. मला तेच हवे होते.

सरावात सत्ताविसावा बाण सोडताना अंग गरम असतं, हाताला लय सापडलेली असते. रानात एकच बाण मिळतो, तोही गार अंगाने. म्हणून रोज उठल्यावर, हात न मोकळे करता, एकच बाण सोडा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या ४० दिवसांचे ४० बाण आहेत. वीसवर सगळे बशीत, तीसवर सात बाहेर. त्या वर्षी मी वीसच्या पुढे नेम धरला नाही. कोट घालून, स्टुलावर बसून, शिकारीचंच पातं लावून सोडा. सरावाच्या टोकापेक्षा ते वेगळं उडतं. मचाणावर जाणार असाल तर पूर्ण अंगाचा पट्टा जमिनीवर असतानाच बांधा, आणि खाली नेम धरताना हात न झुकवता कमरेतून वाका.

हरीण पूर्ण आडवं असेल किंवा तोंड पलीकडे करून तिरकं असेल, तरच सोडा. समोरून कधीही नाही. आडव्या हरणाला पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात.

आणि नंतर थांबा. बाण शोधून रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा तास पुरे. काळपट लाल असेल तर यकृत, तीन-चार तास. हिरवट आणि वास मारणारं असेल तर पोट, मग आठ तास तरी तिकडे फिरकू नका. हे मला पाठ होतं. तरी दुसऱ्या हंगामात बाणाला वास येत असताना, अंधार पडेल म्हणून वीस मिनिटांत निघाले. ऐंशी पावलांवर ती मादी वाळक्या गवतात बसलेली होती, मान वर करून. मला बघून उठली. रात्री बॅटरी घेऊन आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. गवतात ती बसली होती तेवढी जागा दबलेली होती. ती सापडली नाही.