बेळगावात खानापूर रोडला दारू मिळणारं हॉटेल काढतोयस, तर आधी एवढं बघ

भावा, जागेचा ॲडव्हान्स अजून देऊ नकोस. आधी टेप घेऊन जा. शाळा, देऊळ, मशीद, दवाखाना १०० मीटरच्या आत असला की दारूचं लायसन अडकतंच. हायवेचं अंतर वेगळं मोजतात, तेही विचार. नवखे नेमके इथंच पैसे घालवतात.

मग लायसनचा प्रकार ठरव. दारूबरोबर नुसतं जेवण असेल तर सीएल-९, लॉजिंगसकट सीएल-७. त्याला ठरावीक खोल्या लागतात.

चंदगडच्या पाहुण्याचा सल्ला ऐकू नकोस, तिकडं महाराष्ट्राचे नियम, आपल्याकडं कर्नाटकचे. आपलं लायसनचं वर्ष १ जुलै ते ३० जून.

आणि चोर्ला घाटातून येणारी गोव्याची स्वस्त बाटली काउंटरला अजिबात नको! माल सरकारी डेपोचाच. बाकीचं अर्ज भरताना सांगतो, बिनधास्त ये.