टाइप १ मधुमेहात रक्तातील कॅल्शियम नॉर्मल असूनही पायाच्या धमन्यांत ते का साचते? दूध बंद करावे का?

रक्तातील कॅल्शियमचा आकडा आणि धमनीच्या भिंतीत साचणारे कॅल्शियम यांचा थेट संबंध नसतो, त्यामुळे केवळ एक्स-रेमध्ये धमन्या पांढऱ्या दिसल्या म्हणून दूध बंद करण्याचे कारण नाही. उलट टाइप १ मधुमेहात हाडांची घनता कमी असण्याची आणि खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता अधिक असते.

हे साचणे म्हणजे पाण्याच्या नळात क्षार बसावा तशी निष्क्रिय क्रिया नव्हे. दीर्घकाळ वाढलेली साखर आणि फॉस्फेट यांच्या प्रभावाखाली धमनीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आपले मूळ काम सोडून हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, आणि त्याच वेळी ही क्रिया रोखणारी फेट्युइन-ए किंवा पायरोफॉस्फेट यांसारखी नैसर्गिक द्रव्ये अपुरी पडू शकतात. मूत्रपिंड दुबळे झाले की फॉस्फेट बाहेर टाकणे अवघड होते व प्रक्रिया वेग घेते, म्हणून माझ्या मते कॅल्शियमपेक्षा मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातील फॉस्फेट यांकडे अधिक लक्ष द्यावे.

व्यवहारात एक गोष्ट हमखास निसटते. कडक झालेली धमनी दाबली जात नसल्याने पायाचा रक्तपुरवठा तपासण्यासाठी काढलेले घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.४ च्या वर जाऊ शकते, आणि रक्तपुरवठा कमी असूनही तो उत्तम असल्याचा भास होतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्यावा. कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.